पाळी गेली आणि बीपी आलं, हे निव्वळ वय आहे का?

प्रश्न ऐरोलीच्या एका मुलीचा आहे, थोडक्यात असा. आईचं वय ५१, पाळी जाऊन दीड वर्ष झालं. जन्मभर बीपी ११०/७० असायचं, आता सोसायटीतल्या कॅम्पमध्ये १५०/८६ निघालं. दोन वर्षांत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ९८ वरून १४२ वर गेलं. वजन जेमतेम दोन किलो वाढलंय, खाणं तेच, कामाची धावपळ तीच. घरात सगळे म्हणतात वयानुसार होतंच. मावशीची पिशवी ४१ व्या वर्षी काढली होती, तिला तर आताच बीपीच्या दोन गोळ्या आहेत. तर पाळी जाण्याचा आणि रक्तवाहिन्यांचा खरंच काही संबंध असतो का, असेल तर हार्मोनच्या गोळ्या घ्याव्यात का, आणि आईच्या पायावर निळ्या शिरा दिसायला लागल्यात त्या यातूनच आल्यात का?

संबंध आहे, आणि चांगलाच आहे. मी ठाण्याच्या नौपाड्यात फिजिशियन म्हणून २७ वर्षं बसतेय, "अहो माझं बीपी तर लो असायचं, हाय कसं काय झालं" हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी ऐकते, आणि म्हणणारी बाई बहुतेक वेळा ४७ ते ५५ मधलीच असते.

तुमच्या घरचे म्हणतात तेही अगदी खोटं नाही. वयाने धमन्या कडक होतातच, बाईच्या नि पुरुषाच्याही, आणि खरं सांगायचं तर बायकांचं बीपी तिशीपासूनच पुरुषांपेक्षा जास्त चढणीने वर जायला लागतं, फक्त सुरुवातच खालून असते म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. ११०/७० चं १२४/७८ झालं तर कोण बघतंय, नॉर्मलच की. पण पाळी जाण्याच्या आगेमागची जी चार-पाच वर्षं असतात ना, त्यात या वयाच्या हिशोबावर आणखी एक गोष्ट घडते, ओव्हरीत (बीजकोषात) बनणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होतं, आणि ते वयासारखं हळूहळू चालत नाही, गाडी लागलेली दिसल्यावर आपण ब्रिजवरून उतरतो तसं भराभर उतरतं. आणि नेमकं त्याच वर्षांत मुलांची बारावी, सासू-सासऱ्यांचं दुखणंखुपणं, स्वतःचा गुडघा, आणि "सुटले बाई एकदाची पाळीतून" हा आनंद, त्यात स्वतःचे आकडे बघायचे राहूनच जातात. माझं सगळं सांगणं एवढंच आहे की आकडे त्या वर्षांत बघा, साठीला येऊन दाखवू नका.

आता आत होतं काय ते सांगते. मोठ्या धमन्यांच्या भिंतीत दोन तऱ्हेचे धागे असतात, इलॅस्टिन आणि कोलॅजन. जुन्या लेगिन्सचं इलॅस्टिक कधी उसवून बघितलंय का, आत रबराचे बारीक दोरे असतात आणि वरून कापडी वीण असते, वर्षानुवर्षं ओढून ओढून ते दोरे तुटतात, मग ताणलं की कर्रर्र आवाज येतो आणि उरतं ते नुसतं कापड, जे धड ताणलंही जात नाही आणि ताणलं तर परत येत नाही. इलॅस्टिन म्हणजे तो रबरी दोरा, कोलॅजन म्हणजे ते कापड. हृदय दिवसाला साधारण १ लाख ठोके देतं, पन्नास वर्षं तेवढ्या वेळा तो दोरा ताणला गेलाय, आणि मोठेपणी शरीर नवीन इलॅस्टिन जवळजवळ बनवतच नाही. तोपर्यंत इस्ट्रोजेन त्या भिंतीला लवचीक ठेवायला हातभार लावत असतं, ते कमी झालं की कोलॅजनचं पारडं जड व्हायला लागतं.

आईंचे आकडेच घ्या. वरचा ४० ने वाढला आणि खालचा १६ ने, म्हणजे दोन्हींतलं अंतर आधी ४० होतं ते आता ६४ झालं. कॅम्पमधल्या मुलाने वरचा आकडा बघून "मावशी मीठ कमी करा" म्हटलं असेल, पण माझी नजर आधी त्या अंतरावर जाते. कसं आहे, हृदय ठोका देतं तेव्हा महाधमनी फुगते, थोडं रक्त पोटात धरून ठेवते आणि हृदय विसावलं की आकसून तेच रक्त पुढे ढकलते, म्हणून दोन ठोक्यांच्या मधेही रक्ताची धार चालू राहते. धमनी कडक झाली की ती फुगतच नाही, सगळा दणका वरच्या आकड्यात जातो आणि विसाव्याच्या वेळेसाठी काही शिल्लक राहत नाही, त्यामुळे साठीच्या पुढे खालचा आकडा उलट उतरायला लागतो. मग पेशंट खुशीत सांगते "डॉक्टर वरचं १६० आहे पण खालचं ७० च आहे हं," जसं काही एकाने दुसऱ्याची भरपाई होते. हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांना रक्त मिळतं ते मुख्यतः या विसाव्याच्या वेळेतच, म्हणजे खालचा आकडा फार उतरणं हे काही बक्षीस नाही. आणि वरचा दणका मोठ्या धमनीत जिरला नाही तर तो पुढे मेंदूच्या आणि किडनीच्या बारीक वाहिन्यांपर्यंत पोचतो, त्या बिचाऱ्या एवढ्या जोरासाठी बनलेल्याच नसतात.

हे झालं भिंतीचं. भिंतीच्या आत एक अस्तर असतं, जेमतेम एका पेशीच्या जाडीचं, त्याला एन्डोथेलियम म्हणतात, आणि माझ्या मते खरी गंमत तिथे आहे. रक्त जोरात वाहायला लागलं की हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं, तो काही सेकंदच टिकतो पण तेवढ्यात वाहिनीच्या स्नायूला सांगतो सैल हो. ही गोष्ट शोधल्याबद्दल १९९८ चं वैद्यकातलं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना मिळालं, आणि छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची जी गोळी तुमच्या आजोबांच्या खिशात असेल तीसुद्धा शेवटी हेच करते. इस्ट्रोजेन या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड बनवायला लावतं. ते गेलं की बनतं कमी, आणि जे बनतं त्यातलं बरंचसं कामाला लागायच्या आधी वाटेतच खलास होतं.

हे मोजता येतं बरं का. हाताला बीपीसारखा पट्टा आवळून पाच मिनिटं ठेवायचा, मग सोडायचा, रक्त धाडकन परत येतं, आणि दंडातली धमनी किती रुंदावली ते सोनोग्राफीवर बघायचं. १९९४ साली तब्येतीने ठणठणीत असलेल्या स्त्री-पुरुषांवर हे करून बघितलं तेव्हा दिसलं की पुरुषांमध्ये ही रुंदावण्याची ताकद चाळिशीनंतर घसरायला लागते, बायकांमध्ये पन्नाशीच्या सुरुवातीपर्यंत तशीच टिकते आणि मग जी घसरते ती पुरुषांपेक्षा वेगाने. म्हणजे दहा वर्षांची सूट मिळते आणि मग सगळी वसुली एकदम. अनेक देशांत मिळून झालेल्या इंटरहार्ट नावाच्या मोठ्या अभ्यासातही बायकांना पहिला हार्ट अटॅक पुरुषांपेक्षा साधारण ९ वर्षं उशिरा येताना दिसला, आणि आपल्याकडच्या, म्हणजे दक्षिण आशियातल्या लोकांना बाकी जगाच्या आधी. त्यात आपल्याकडे पाळी जातेही लवकर, साधारण ४६-४७ ला, पाश्चात्त्य देशांत ती ५१ च्या आसपास जाते. दोन्ही बाजूंनी आपलंच नुकसान.

एलडीएलचं उत्तर त्यामानाने सोपं आहे. लिव्हरवर एलडीएल ओढून घेणाऱ्या जागा असतात, इस्ट्रोजेन त्या जागा वाढवतं, ते कमी झालं की जागा कमी, मग कोलेस्टेरॉल रक्तातच फिरत राहतं. अमेरिकेत १९९६ पासून पाळी जाण्याच्या वयातल्या बायकांना वर्षानुवर्षं तपासत गेलेला स्वॅन नावाचा अभ्यास आहे, त्यात नेमकं हेच दिसलं, एलडीएलची उडी शेवटच्या पाळीच्या आगेमागच्या वर्षभरात. तेव्हा आई चोरून तूप खातेय असा संशय घेऊ नका. फक्त थायरॉइडची एक टीएसएच टेस्ट करून घ्या, कारण या वयात थायरॉइड सुस्त होणं फार कॉमन आहे आणि त्यानेही एलडीएल असंच वर जातं, मी काही जणींची कोलेस्टेरॉलची गोळी नुसती थायरॉइड जागेवर आणून टाळलीय. आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन ए ही टेस्टही करावी, ते बहुतांशी आनुवंशिक असतं आणि जास्त निघालं तर बाकीचे आकडे आणखी कडक धरावे लागतात. बाकी त्या चकचकीत फुल बॉडी पॅकेजमधल्या अर्ध्या टेस्ट नाही केल्यात तरी चालेल.

आईंना अंगातून वाफा येतात का हे तुम्ही लिहिलं नाहीये. हॉट फ्लॅशेस म्हणतात त्या, एकदम तोंड-मान लाल, घामाने ब्लाउज भिजतो, रात्री पंखा फुल आणि शेजारी नवरा गोधडीत. विचारायचं कारण असं की ज्यांना या वाफा खूप आणि सतत येतात त्यांच्या त्या अस्तराचं कामही जास्त बिघडलेलं सापडतं, म्हणजे नुसता त्रास म्हणून सोडून देऊ नये. शिवाय रात्रीची झोप मोडते, झोप मोडली की बीपी चढतं. आणि घोरणं, बायकांचं घोरणं आपल्याकडे कुणी सांगतच नाही, लाज वाटते, पण पाळी गेल्यावर स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास मधेमधे थांबणं, वाढतो आणि गोळ्यांना दाद न देणाऱ्या बीपीमागे तो लपलेला असू शकतो.

माझंच सांगते, ५० व्या वर्षी ओपीडीत बसल्या बसल्या अशा वाफा यायच्या की समोरच्या पेशंटला वाटायचं मॅडमना राग आला. दोन वर्षं मी हॉर्मोन्स हॉर्मोन्स म्हणत काढली आणि स्वतःचं बीपी एकदाही घेतलं नाही, मशीन टेबलावर, एक हाताच्या अंतरावर. शेवटी आमच्या सिस्टरने जबरदस्तीने घेतलं, १४६/९०. तिच्याकडे मी "आत्ताच जिना चढून आलेय" असं बघितलं, तिने दहा मिनिटांनी परत घेतलं, तेवढंच.

मावशींचं तुम्ही जाता जाता लिहिलंय, मला मात्र ते सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. "पिशवी काढलीय" एवढंच बायका सांगतात, त्याबरोबर ओव्हरी काढल्या की ठेवल्या हे विचारलं तर दहा वेळा विचारूनही कळत नाही, डॉक्टर म्हणाले सगळं साफ केलं. डिस्चार्ज कार्डावर ते लिहिलेलं असतं, ते शोधून काढा. दोन्ही ओव्हरी ४१ ला गेल्या असतील तर इस्ट्रोजेन एका दिवसात गेलं, जे हळूहळू पाच-दहा वर्षांनी जायचं ते, आणि तेवढी जास्तीची वर्षं तिच्या रक्तवाहिन्यांनी आधाराशिवाय काढली. ओव्हरी ठेवल्या असतील तरी त्या बऱ्याचदा ठरल्या वेळेच्या आधी थकतात, आणि पिशवीच नसल्यामुळे पाळी कधी गेली हे कळायलाही मार्ग नाही. पाळी ४० च्या आत गेली, मग आपोआप असो की ऑपरेशनने, तर हार्ट आणि स्ट्रोक दोन्हींचा धोका नक्की वाढतो, ४५ च्या आत गेली तरी वाढतो. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचा विषय विधान परिषदेपर्यंत गाजला तेव्हा चर्चा पैशांची नि पिळवणुकीची झाली, ती व्हायलाच हवी होती, पण तिशीत ओव्हरी गेलेल्या बाईचं पन्नाशीत काय होणार हे तेव्हा फार कमी जणांनी विचारलं. आणि हे फक्त बीडचं नाही हो, इथे कळव्या-दिव्यातही जरा अंगावरून जास्त गेलं की "मुलं झालीयेत ना, काढून टाका" म्हणणारे आहेतच.

आता करायचं काय. आधी ते १५०/८६ खरं आहे का ते बघू. कॅम्पमध्ये बाई रांगेत उभी असते, शेजारणीशी बोलत असते, पट्टा साडीच्या घट्ट ब्लाउजवरून नाहीतर बाही वर सारून लावतात, ती गुंडाळलेली बाहीच दंड आवळते, आणि भरलेल्या दंडाला लहान पट्टा लावला की आकडा हमखास जास्त येतो. दंडाला लावायचं डिजिटल मशीन घ्या, मनगटाचं नको, पट्टा आईंच्या दंडाच्या मापाचा. सकाळी चहाच्या आधी, लघवीला जाऊन आल्यावर, पाठ टेकून, पाय जमिनीवर, पाच मिनिटं गप्प बसवा (हेच सगळ्यात कठीण), हात टेबलावर हृदयाच्या उंचीला, मग एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. तसंच रात्री. सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा, ती १३५/८५ किंवा वर आली, दोन्हींपैकी एक आकडा जरी, तर ते बीपीच आहे, कॅम्पचं टेन्शन नाही. ही वही घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा, वही बघितली की आमचं अर्धं काम होतं. गोळी लागली तर घ्या. "एकदा चालू केली की जन्माची" म्हणून दोन वर्षं थांबणाऱ्या बायका मी बघते, जन्माची गोळी परवडली, जन्माचा लकवा नको. पायावर सूज आली, चक्कर आली तर येऊन सांगायचं, गोळी बदलता येते, मनाने बंद करायची नाही.

मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे घरातला चहाचा एक छोटा चमचा सपाट भरून, सगळं मिळून. भाजी-आमटीतलं मीठ आई कमी करतीलही, पण पापड, लोणचं, खारी, फरसाण आणि सुकं, सुकट-बोंबील-वाकटी हे कोण धरणार. आमच्याकडे खाडीकाठच्या गावांतल्या पेशंटना मी सुकं बंद कर कधी म्हणत नाही, ते कुणी ऐकत नाही, कोमट पाण्यात दोनदा भिजवून पाणी फेकायचं आणि कालवणात वरून मीठ घालायचं नाही एवढं सांगते, ते ऐकतात. सैंधवाने बीपी वाढत नाही हे खोटं आहे, सोडियम त्यातही आहेच. आणि कमी सोडियमचं म्हणून जे मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं, किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही ठराविक गोळ्या चालू असतील तर ते विचारल्याशिवाय आणू नका.

आणि मशेरी. ऐरोली-दिवा पट्ट्यातल्या पन्नाशीच्या बाईला मी हा प्रश्न नेहमी विचारते, तंबाखू खाता का म्हटलं तर उत्तर ठामपणे नाही येतं, आणि मशेरी लावता का म्हटलं तर "ती काय, दात घासायला". भाजलेला तंबाखूच तो. निकोटिन हिरडीतून थेट रक्तात जातं, वाहिन्या आवळतं, ज्या अस्तराचं वर एवढं रामायण सांगितलं त्याचीच वाट लावतं. दिवसातून चार वेळा दात घासणारी बाई दिसली की समजून जा.

व्यायामाबद्दल एक गोष्ट सांगते जी सहसा कुणी सांगत नाही. पुरुषांनी वय झाल्यावरही चालणं-धावणं सुरू केलं की त्या अस्तराचं काम बऱ्यापैकी सुधारतं, पण पाळी गेलेल्या बायकांत तसं ते दरवेळी सुधारताना दिसत नाही. कोलोरॅडोतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की ज्यांना व्यायामाबरोबर इस्ट्रोजेन दिलं त्यांचं अस्तर सुधारलं, ज्यांना नुसता व्यायाम दिला त्यांचं नाही. हे वाचून चालणं सोडू नका हं, कारण तिथल्याच आधीच्या कामात तीन महिने भराभर चालल्यावर पाळी गेलेल्या बायकांच्या मानेतल्या मोठ्या धमनीचा कडकपणा कमी झालेला दिसला होता, म्हणजे अस्तर ऐको न ऐको, भिंत ऐकते. शिवाय शुगर, पोटाची चरबी, झोप हे फायदे आहेतच. फक्त त्यातून एक कळतं, की "मी रोज चालते, मला काही होणार नाही" हा भरवसा बाईने जरा कमी ठेवावा आणि आकडे तपासत राहावं. चालणं म्हणजे तलावपाळीला मैत्रिणींबरोबर भेळेच्या गाडीपर्यंत नाही, आठवड्याला १५० मिनिटं, अशा वेगाने की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. घोडबंदरला राहणाऱ्यांना मी रस्त्याच्या कडेने चालू नका म्हणते, कामांची धूळ आणि ट्रकचा धूर, बारीक कण फुप्फुसातून रक्तवाहिन्यांना त्रास देतात. ऐरोलीत तुम्हाला आतल्या सेक्टरमधले रस्ते, बागा आहेत, पहाटे तिथे चाला.

हार्मोनच्या गोळ्यांचा प्रश्न आता. या बाबतीत एका पिढीने घाबरून दिल्या नाहीत आणि त्याच्या आधीच्या पिढीने सरसकट दिल्या. आधी समज असा की इस्ट्रोजेन हृदयाला चांगलं तर पाळी गेल्यावर सगळ्यांनाच द्या. मग अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासात १६ हजारांवर बायकांवर इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची जोडगोळी तपासली, आणि जुलै २००२ मध्ये ती चाचणी मधेच थांबवावी लागली, कारण हार्ट अटॅक, स्ट्रोक, रक्ताच्या गुठळ्या आणि ब्रेस्ट कॅन्सर हे कमी न होता थोडे वाढलेच होते. जगभर एका रात्रीत प्रिस्क्रिप्शन बंद. मात्र त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेल्या, वाहिन्यांत चरबीचे थर आधीच बसलेल्या. नंतर २०१६ मध्ये एलाइट नावाच्या चाचणीत वेगळं करून बघितलं, पाळी जाऊन ६ वर्षांच्या आतल्या बायकांत इस्ट्रोजेनने मानेच्या धमनीची भिंत जाड होण्याचा वेग कमी झाला, १० वर्षं उलटून गेलेल्यांत काहीच फरक पडला नाही. तेच औषध, वेळ वेगळी.

म्हणून मी काय सांगते, निव्वळ हृदय वाचावं म्हणून किंवा बीपी-एलडीएल खाली आणायला हार्मोन सुरू करायचे नाहीत, त्यासाठी त्यांची स्वतःची औषधं आहेत, स्वस्त आहेत आणि पारखलेली आहेत. पण आईंना वाफांनी जगणं नकोसं झालं असेल, वय ६० च्या आत आहे, पाळी जाऊन १० वर्षं व्हायचीत, आणि ब्रेस्ट कॅन्सर, गुठळी, स्ट्रोक, हार्ट अटॅक, लिव्हरचा आजार किंवा कारण न कळलेलं ब्लीडिंग यातलं काही नसेल तर घाबरून नाही म्हणायचं कारण नाही, गायनॅकशी बोला. आधी बीपी ताब्यात आणा. आणि गोळीऐवजी त्वचेवर लावायचं जेल किंवा पॅच मिळत असेल तर गुठळीचा धोका त्यात कमी असतो, ते विचारा. मावशींची गोष्ट निराळी, ज्यांच्या ओव्हरी चाळिशीच्या आगेमागे गेल्या त्यांना, दुसरं काही आड येत नसेल तर, पाळी जायच्या नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन द्यायला हवेत असंच आता मानतात. त्यांना तेव्हा कुणी दिले नसतील. आता त्यांचं वय किती आहे त्यावर ठरेल.

सोयाच्या कॅप्सूल, हर्बल पावडरी, यांनी रक्तवाहिन्या साफ होतात म्हणून जे फॉरवर्ड येतात त्यावर मी वेळ घालवणार नाही. शेजारच्या काकांची ॲस्पिरिन मात्र आईंना देऊ नका, आधी अटॅक किंवा स्ट्रोक झालेला नसताना रक्त पातळ करायची गोळी मनाने घेण्यात फायद्यापेक्षा पोटातून रक्त जाण्याचीच भीती जास्त.

एक लक्षात असू द्या, बायकांचं हृदय दुखतं ते नेहमी सिनेमातल्यासारखं छाती धरून नाही. कळव्याच्या एक शिक्षिका होत्या, ५४ च्या, स्टेशनचा ब्रिज चढताना जबडा दुखायचा आणि मळमळायचं, दात दाखवले, गॅसच्या गोळ्या झाल्या, एका हॉस्पिटलमध्ये अँजिओग्राफी नॉर्मल आली आणि कागदावर "टेन्शन" लिहून घरी पाठवलं. मोठ्या नळ्या साफ होत्याच, पण अँजिओग्राफीत फक्त मोठ्या नळ्याच दिसतात, त्यांच्या पुढच्या केसासारख्या बारीक वाहिन्या नीट रुंदावत नसतील तर ते तिथे दिसत नाही, आणि हा प्रकार पाळी गेलेल्या बायकांत जास्त असतो. त्यांना औषधांनी फरक पडला, पण दीड वर्ष "तुमच्या मनात आहे" ऐकून झाल्यावर. चढावर येणारी आणि थांबल्यावर जाणारी कुठलीही गोष्ट, दुखणं, धाप, जबडा, पाठ, ती हृदयाची नाही हे सिद्ध होईपर्यंत हृदयाची धरा. आणि बसल्या जागी अचानक असं काही होऊन वीस मिनिटं राहिलं तर गॅसची गोळी शोधत बसू नका, रिक्षा नाही, ॲम्ब्युलन्स.

निळ्या शिरांचं राहिलं. त्या शिरा, म्हणजे व्हेन्स, वरचं सगळं चाललं होतं धमन्यांचं. पायातल्या शिरांत झडपा असतात, उभं राहून राहून, बाळंतपणं होऊन त्या ढिल्या पडतात, घराण्यातही असतं. बीपीचा आणि त्यांचा थेट संबंध नाही. संध्याकाळी पाय जड होतात, घोट्याजवळ त्वचा काळवंडते असं असेल तर दाखवा, एरवी घाई नाही. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखायला लागली तर मात्र त्याच दिवशी.

आणि जाता जाता, आईंची डिलिव्हरीची जुनी फाइल असेल तर माळ्यावरून काढा. तुमच्या वेळेला त्यांना बीपी वाढलं होतं का, लघवीतून प्रोटीन गेलं होतं का, शुगर निघाली होती का, तुम्ही दिवस भरायच्या आधी झालात का, हे बघा. गरोदरपणात बीपी वाढलेल्या बाईला पुढे हृदयाचा धोका साधारण दुप्पट असतो, आणि ते कुणाच्याही लक्षात राहत नाही कारण बाळ झालं, बीपी उतरलं, सगळे पेढे वाटायला गेले. फाइल नसेल तर आजीला विचारा, आजीला हमखास आठवत असेल की हिच्या पायांवर केवढी सूज आली होती आणि चपला घालता येत नव्हत्या. तसं काही निघालं तर ते बीपीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि मगच डॉक्टरांकडे जा.